सुकेळ्यांचा पुडा

त्यांनी आमची सुकेळी कात्रीने कापली. बँकेच्या काउंटरवर, भर गर्दीत.

"खोलो इसको," मॅनेजर वॉचमनला म्हणाला.

मी म्हटलं, "साहेब, सुकेळी आहेत. वाळवलेली केळी. खायची असतात."

"कळेलच आता," तो म्हणाला. बोलत होता माझ्याशी, पण बघत होता माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे.

माझा नवरा सॅम्युएल. घाना देशातला. काळा, आणि उंच. एवढं पुरे होतं. वॉचमनने वाळल्या पानाचं वेष्टन फाडलं, एकेक सुकेळं उचललं आणि उभं चिरलं. आत काय निघणार? केळंच निघालं. मॅनेजरने एक तुकडा पेनाच्या टोकाने उलटा करून बघितला. मग वास घेतला. रांगेतला एक बाप्या मोबाइल काढून शूटिंग करत होता, त्याला कुणी काही म्हटलं नाही.

काउंटरपलीकडची क्लार्क बाई आमच्या शेजारच्याच गावची. आमच्या घरची सुकेळी तिने कैक वर्षं खाल्लीत. डब्यात घालून घरी पोरांना नेलीत. ती एक अक्षर बोलली नाही. कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसली. मॅनेजर नवा, घाटावरून बदली होऊन आलेला. त्याला सुकेळं माहीत नसेल, मान्य. हिला काय झालं होतं? तिचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तुम्ही म्हणाल, बँकेत केळी न्यायचीच कशाला? बरोबर आहे. पण आम्ही वसईजवळच्या निर्मळची वाडीवाली, केळीच्या बागांची माणसं. आमच्यात रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जात नाहीत. डॉक्टरला केळ्यांची फणी, मास्तरांना अळूची जुडी, आणि बँकेत नवा साहेब आला की राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांचा पुडा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर हेच केलं. याला लाच म्हटलं तर ते चिडतात. ते म्हणतात, ओळख. त्या बँकेच्या जाळीच्या दाराला आडवी साखळी आहे. प्रत्येकाने वाकून, अंग चोरून आत यायचं. आप्पा दिसले की वॉचमन ती साखळी काढायचा. त्यांच्या मागून मीही लहानपणापासून ताठ आत जायचे. मला वाटायचं, बँक अशीच असते.

आजही त्याने माझ्यासाठी साखळी काढली. मी आत गेले आणि त्याने लगेच परत अडकवली. सॅम्युएल वाकून आला. मी बघितलं आणि काही बोलले नाही, कारण काम व्हायला हवं होतं.

आणि पुडा तरी कुणी केलेला? त्यानेच. आप्पांच्या हाताखाली बसून केळी सोलली, उन्हात मांडली, काठी घेऊन कावळे हाकलले. पानं गुंडाळून केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीने, बांधायला तो यंदाच शिकला. पहिले दोन पुडे सुटले तेव्हा आप्पा हसून म्हणाले होते, "अरे, हे सोप आहे, दोरखंड नाही. हलक्या हाताने ओढ." हा त्याच्या हातचा पहिला नीट बांधलेला पुडा. "बँक के साब को यही देंगे," असं तोच म्हणाला होता.

आम्हाला पाहिजे होतं फक्त त्याच्या नावाचं खातं. लग्नाला चार वर्षं झाली. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे इथे राहायची, काम करायची सरकारची परवानगी आहे. सातिवलीच्या एका कारखान्यात त्याला मशीन दुरुस्तीचं काम मिळालं. मीही तिथल्याच एका गाळ्यात अकाउंटचं काम करते, म्हणून त्या जागेचं कळलं. एक तारखेला हजर व्हायचं. कारखान्याची अट एकच, पगार कामगाराच्या स्वतःच्या खात्यात. खातं दाखवा, मग नेमणुकीचं पत्र. बँकेत जावं तर म्हणतात, नेमणुकीचं पत्र दाखवा, मग खातं बघू. पत्र खात्यावाचून नाही, खातं पत्रावाचून नाही. फिरा गोल गोल. नालासोपाऱ्यात एका बँकेने सांगितलं, सिस्टीम घेत नाही. विरारला दुसरीने सांगितलं, हेड ऑफिसला विचारतो, आणि नंतर फोनच उचलला नाही. घरात तो कमी बोलायला लागला. म्हणून शेवटी मी आमच्या गावच्या शाखेत आले. म्हटलं, ही तर आपली बँक.

वॉचमनने कात्री ठेवली, मॅनेजरने हात पुसले. "सॉरी मॅडम. काळजी घ्यावी लागते. हे लोक काय काय करतात तुम्हाला माहीत आहे."

"कोण लोक?"

तो हसला. "जाऊ द्या. तुमचं खातं आहे ना इथे? यांना कशाला वेगळं पाहिजे?"

"कारखान्याला त्याच्या नावाचं पाहिजे. कागदांत काही कमी आहे का?"

"कागद बरोबर आहेत हो. पण आमच्या ब्रँचला फॉरेनर नको. उगाच रिस्क."

शेजारी सॅम्युएल चिरलेले तुकडे गोळा करत होता. एकेक उचलून फाटक्या पानात ठेवत होता. मान खाली. मला म्हणाला, "छोड ना. हर जगह ऐसा ही है."

त्याला या सगळ्याची सवय झाली होती. माझा नवरा माझ्या गावात, माझ्या बँकेत सांगतोय की सगळीकडे असंच असतं, आणि मी काय करतेय? ज्याने आमचा पुडा फाडला त्याच्याशी अजून हळू आवाजात बोलतेय. साहेब, साहेब करतेय. शी!

मी आवाज चढवला. "मग तेवढंच लिहून द्या."

"काय?"

"कागद बरोबर आहेत, पण फॉरेनर नको. खाली सही करा, शिक्का मारा."

"असं लिहून देता येत नाही, मॅडम."

"मग तोंडाने कसं देता येतं?"

क्लार्क बाईने वर बघितलं आणि परत खाली. मॅनेजर केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. दुपारी वॉचमन म्हणाला, "बंद का टाइम हो गया." तेव्हा उठलो.

घरी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी फाटका पुडा हातात घेऊन सोपाची गाठ बघितली. मग म्हणाले, "नवा माणूस आहे गं. त्याला आपली माहिती नाही. उद्या मी जातो. चांगला मोठा पुडा बांधतो."

मी पेटलेच. "आप्पा, दादा जर्मनीत शिकायला गेला तेव्हा तिथल्या बँकेने त्याला खातं नाकारलं होतं. आठवतं? तुम्ही ओसरीत उभं राहून ओरडत होतात, माणसाला माणूस समजत नाहीत म्हणून. तेव्हा त्या जर्मन मॅनेजरला पुडा पाठवला होतात?"

आप्पांनी पुडा खाली ठेवला. आई आत भांडी घासत होती, ती दारात येऊन उभी राहिली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. म्हटलं, "या घरातून त्या बँकेत आता एक केळंसुद्धा जाणार नाही."

उद्या एक तारीख. खातं नाही. नोकरी बहुतेक जाईल. दुसरी मिळेल, तिथेही हेच विचारतील, हे मला माहीत आहे. मला कुणी खोटा धीर देऊ नका.

उद्या आम्ही परत जाणार आहोत. परवाही जाणार. खातं द्या, नाहीतर नकार लिहून द्या. हातात काही नेणार नाही. यावेळी तो पुढे असेल आणि मी मागे. वॉचमनने साखळी काढली नाही, तर आम्ही वाकणार नाही. तिथेच उभे राहू, दारात, ताठ. आमच्या मागे रांग अडेल, लोक ओरडतील.

ओरडू देत.