लांब नंबराची कोठी

शेलूबाजारला हमरस्त्यालगत माझ्या भाऊजींचं पत्राकामाचं दुकान होतं. ते धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या करत. मी शाळेत विज्ञान शिकवून उरलेल्या वेळात त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार पाहत असे. सत्तरच्या दशकात शेजारच्या एका ब्लॉक ऑफिसनं तांड्यांसाठी कोठ्या घ्यायचं काढलं. अट एकच, कोठी दिल्लीच्या मानक संस्थेच्या स्टँडर्डप्रमाणे हवी. काम मिळालं तर दुकान चालणार होतं. नाही तर भाऊजी बहिणीला घेऊन बडनेऱ्याला, दुसऱ्याच्या कारखान्यात पत्रे कापायला जाणार होते.

मी दिल्लीहून कागद मागवले. तिथली रीत अशी, की आधी मसुदा निघे. त्याच्या नंबरात समितीची इंग्रजी अक्षरं, मग आकडा, मग कंसात आणखी एक आकडा. सूचना येऊन दुरुस्त्या झाल्या की मसुदा पक्का होई, आणि ही सगळी शेपटी गळून साधा आकडा नि साल एवढंच उरे. माणसांचं उलट असतं. पक्की झाली की बिरुदं वाढतात.

आम्ही पक्क्या कागदाप्रमाणे कोठी केली आणि तिच्यावर तो साधा नंबर रंगवला. भाऊजींना तो पसंत पडला नाही.

"मास्तर, तीनच आकडे अन् साल? हा तं एस्टीचा नंबर वाटून राह्यला. मांगं काही जोडा ना."

"जोडलं तर खोटं होईल."

"मंग बारीक अक्षरात जोडा."

निवडीच्या दिवशी ब्लॉक ऑफिसच्या सभागृहात आमच्या कोठीशेजारी शहरातल्या एका कारखानदाराची कोठी उभी होती. तिच्या पोटावर सोनेरी रंगात असा लांब नंबर होता, की वाचायला प्रदक्षिणा घालावी लागे. निवड समितीच्या सदस्यांनी ती घातली.

"याचा नंबर भारी हाय," एकानं निकाल दिला. ब्लॉक ऑफिसच्या साहेबांनीही मान हलवली. भाऊजी माझ्याकडे असे पाहत होते, जणू शेपटी मीच कापली.

त्या नंबरात कंसातला आकडा दिसला तसा मी उठलो. कारखानदारांना म्हटलं, "कागद आणला असेलच. पहिल्या पानावरची चौकट जरा वाचून दाखवता?"

त्यांनी घसा साफ करून भारदस्त इंग्रजीत सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज खाली आला. साहेबांनी कागद हातात घेतला आणि मराठीत सांगितलं, "हा मसुदा आहे. स्टँडर्ड म्हणून वापरू नये."

तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या सदस्यानं विचारलं, "म्हंजे कोठी कच्ची?"

"कोठी नाही हो, कागद," कारखानदार म्हणाले.

"कागद कच्चा अन् कोठी पक्की? थे कसं काय?"

 त्याहून चांगलं मला सुचणार नव्हतं. मी फक्त सांगितलं, की मसुदा पक्का करताना धान्य काढायचं खालचं तोंड मोठं केलेलं आहे. साहेबांनी दोन्ही कोठ्यांत कोंड्यासकट ज्वारी ओतून खालची तोंडं उघडायला लावली. आमची धो धो वाहिली. सोनेरी कोठीनं दोन पसे ज्वारी दिली आणि ती तुंबली. कारखानदार बोट घालून कोंडा उकरू लागले तेव्हा सभागृहात कुणालाच हसू आवरलं नाही.

काम आम्हाला मिळालं.

पहिली खेप निघाली तेव्हा भाऊजी ट्रकमध्ये ड्रायव्हरजवळ बसायला तयार होईनात. ते वर कोठ्यांमध्ये नवरदेवासारखे उभे राहिले आणि दिसेल त्याला ओरडून सांगू लागले, "पक्का माल हाय, पक्का!" मिरवणुकांचा मला मनापासून तिटकारा आहे. त्या दिवशी मीही वर चढलो, एका कोठीचं झाकण घेतलं आणि गावाबाहेर जाईपर्यंत बडवत राहिलो.