चार गिअर मागं, एक पुढं

गॅरेजमध्ये ग्रीस साठतं तसे किस्सेही साठतात. ग्रीस रॉकेलनं निघतं, किस्से काही निघत नाहीत! लढाई संपून लष्कराचे ट्रक लिलावात आले, तेव्हाचं आमचं कोल्हापुरातलं गॅरेज. मालक दत्तू मिस्त्री, फिटर मी, आणि वजन उचलायला हिंदुराव पैलवान.

एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मिस्त्री, ड्राइव्हट्रेन म्हणजे नेमकं काय हो?"

"इंजिनाचा जोर चाकापतूर नेनारी समदी साखळी. क्लच, गिअरबॉक्स, लांब शाफ्ट, मागं डिफरन्शियल आन् एक्सल. घागरी हातोहात देत्यात न्हवं, तसं. त्यातला क्लच म्हंजे आमची मंडळी! तिनं हात काढला की इंजिन नुसतंच बोंबलतंय."

"ऐकलं बरं का!" मागच्या घरातून आवाज आला. मिस्त्री गपकन ट्रकखाली शिरले.

पैलवानाला गाडी शिकायची भारी हौस. पहिल्याच दिवशी गिअर पडेना, म्हणून त्यानं असा हिसका दिला की दांडाच हातात!

"मिस्त्री, ह्यो आधीपासनंच ढिला हुता की!"

"व्हय, तुझ्या हातात यीपतूर घट्ट हुता!"

पण खरी कमाल झाली शांताच्या लग्नात. मिस्त्रींची एकुलती एक लेक. लग्न शिरोळला, मुहूर्त दुपारचा. 'वऱ्हाड माझ्याच ट्रकातनं येनार,' असं मिस्त्री व्याह्यांना छातीठोक सांगून बसलेले. आदल्या दिवशी मागचा एक्सल उतरवून बेअरिंग बदललं. ते धूड पैलवानानं एकट्यानं उचललं आणि आखाड्यातल्या सवयीनं चीतपट केल्यासारखं उलटं टाकलं! घाईत आम्ही ते तसंच, खालची बाजू वर करून बसवलं.

सकाळी वऱ्हाड चढलं, शांता केबिनमध्ये बसली. मिस्त्रींनी पहिला गिअर टाकला, ट्रक सुटला मागं! दुसरा, तिसरा, चौथा, सगळे मागंच. एक्सल उलटा, म्हणून चाकंही उलटी! पुढं नेणारा एकच, रिव्हर्स!

खोलायला वेळ कुठला? निघालो रिव्हर्समध्येच, पण त्याचा वेग तो केवढा! बैलगाडीवाले आम्हाला मागं टाकून हसत पुढं गेले. मिस्त्रींचा चेहरा पार उतरला. "पोरीचा मुहूर्त चुकतोय की रं!"

तेवढ्यात शांताच म्हणाली, "आबा, ट्रकच फिरवा की!"

फिरवला! शेपूट शिरोळकडं, तोंड कोल्हापूरकडं, आणि टाकला दुसरा गिअर. आता मागं पळणारा ट्रक शिरोळकडंच पळू लागला. मागं फळीला धरून पैलवान ओरडतोय, "डावीकडं घ्या, म्हस हाय!" अक्षता पडायच्या वेळेला पोचलो बुवा.

व्याही मांडवाच्या दारात आ वासून उभे. "पावणं, असं उलटं का आलासा?"

मिस्त्रींनी लेकीकडं बघितलं. डोळे भरलेले, पण हसत म्हणाले, "पोरीचं तोंड अजून माहेराकडंच हाय, व्याही. फिरवायचं काम आता तुमचं!"