नात धावायला लागली आणि मी मेले

मागच्या दिवाळीच्या तोंडावर, भर सकाळी, चहाचा कप हातात असताना मी मेले... म्हणजे गावापुरती मेले. मला स्वतःला कोणी कळवलं नव्हतं.

बोलून राहिली मी, लिहून राहिली माझी सून. मला अक्षर येत नाही आणि तिला माझ्यासारखं बोलता येत नाही, म्हणून दोघींचं जमतं.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाजवळ. माझी नात मनू पुण्याला नोकरी करते, पण त्या दिवसांत ती घरीच होती. नागपूरला तिचं ऑपरेशन झालं होतं, वजन कमी करायचं. मला वाटलं, बाहेरचं पोट कापतील... तर डॉक्टरांनी आतलं पोट लहान केलं आणि बाहेरचं तिचं तिनं उतरवायचं.

तिशीतच शुगर, गुडघे गेलेले, जिना चढताना दम. ऑपरेशन करावंच लागलं. पण खरं सांगू? मला ती होती तशीच आवडायची. सुटीत आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, "आजी, वडे?" मी लाखोरीच्या डाळीचे वडे तळायची आणि ती कढईतून निघाल्या निघाल्या उचलायची.

आता तिचं जेवण म्हणजे वाटीभर पातळ डाळ, तीही चमच्या चमच्यानं, चावून. डाळ कोणी चावतं का? तेलाचा वास आला की ती उठून बाहेर जायची. मला वाटायचं, मीच तिला घरातून हाकलून राहिली. शेवटी मी कढई वर ठेवून दिली.

डॉक्टर म्हणाले होते, आधी चाल, मग हळूहळू धाव, आणि न थांबता धावता आलं की खुशाल नोकरीवर जा. म्हणून मी रोज सकाळी तिला हाक मारून उठवायची... आणि रोज मनात म्हणायची, आज नको जमू देऊ.

आधी ती अंगणातच फिरायची, लोक हसतील म्हणून. मग एक दिवस धीर करून बूट घातले, कानात गाण्याच्या वायरी घातल्या आणि निघाली कामठ्याच्या रस्त्यानं. जरा धावायची, उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची, पुन्हा धावायची.

आता आमच्याकडे मोठी बाई रस्त्यानं धावत नाही. धावली तर समजायचं, घरात कोणी गेलं किंवा जाऊन राहिलं. शेतातल्या बांध्यांमध्ये धानाची कापणी चालू होती. शेजारच्या शेवंतानं बांधीतून तिला हाक मारली, "काऊन व पोरी, काय झालं?" कानात गाणी, ती कुठून ऐकणार? लाल तोंडानं तशीच पुढे गेली. शेवंतानं विचार केला, त्या घरात मरायच्या वयाची एकच बुढी आहे. विळे बांधीतच टाकून सगळ्या बाया आमच्या घराकडे निघाल्या.

मयतीला आमच्या बाया मुक्यानं येत नाहीत. गल्लीच्या तोंडापासूनच रडत, गेलेलीचे गुण सांगत येतात. शेवंता कोंबड्यांवरून झालेल्या भांडणापासून माझ्याशी बोलत नव्हती, पण सगळ्यात मोठा आवाज तिचाच... "माह्या बहिणीसारखी होती व... आता मले तिखट चटणी कोण देईल व..." मी ओट्यावर कप हातात धरून ऐकत बसले. एवढं कौतुक पुन्हा कानावर पडणार नव्हतं.

शेवंता दारात आली आणि तिचं रडणं मधेच तुटलं. "तू तर चहा पिऊन राहिली."

"मग काय करू? तुम्ही यायला उशीर केला."

हसून हसून बाया खाली बसल्या. सून चहा ठेवायला आत गेली. पण रडण्याचा आवाज तलावाच्या पाळीपर्यंत पोचला होता, आणि मनू तोवर परत फिरली होती. वायरी काढल्या असतील, म्हणून तिनं ऐकलं. आमच्या दारात गर्दी पाहिली.

मग ती धावली.

मी ओट्यावरून पाहत होते. पाळीवरून, आंब्याखालून, शाळेपुढून... कुठे उभी राहिली नाही, कमरेवर हात नाही, दुपट्टा कुठे पडला त्याचा पत्ता नाही. वर शिकाऊ पायलटचं विमान घिरट्या घालत होतं आणि खाली माझी नात. कोणी माझ्याकडे असं धावत आल्याला किती वर्षं झाली असतील...

बाया बाजूला झाल्या. ती येऊन गळ्यात पडली. पूर्वी तिला जवळ घेतलं की तिच्या पाठीमागे माझे दोन हात एकमेकांना सापडायचे नाहीत. त्या दिवशी सापडले, बोटांत बोटं अडकली. पोर मिळाली की हातातून गेली, मला समजलंच नाही.

दम खाली बसल्यावर म्हणाली, "आजी, मी कुठंच थांबली नाही."

"पाहिलं," मी म्हटलं आणि पदरानं तिचा घाम पुसला.

दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाली, पाहुणे गेले, त्यांच्यामागे तीही गेली. आता पुण्यात धावते, फोटो पाठवते. सून मला मोठा करून दाखवते. चांगली दिसते... फोटोत धावतच असते, फक्त माझ्याकडे नाही.

परवा शेवंताला म्हटलं, "एखाद्या दिवशी पुन्हा रडत ये ना व दारात. पोरगी येईल धावत."

"खरी मरशील तवा रडीन. फुकट गळा दुखते," म्हणाली, आणि वाटीभर चटणी घेऊन गेली.

यंदा मंडईला मनू येणार आहे. फोनवर म्हणाली, "आजी, आता अर्धा वडा चालते मले." मी कढई खाली काढून घासून ठेवली. अर्ध्या वड्यालाही तेल तेवढंच तापवावं लागतं... तापवीन.