उकिरड्यावरचा दिवा

इंगळे मॅडम कॉलेजात यायच्या त्या पर्सच्या पट्ट्याला स्टीलचा पेला टांगून. कॅन्टीनच्या प्लास्टिकच्या कपात त्यांनी कधी चहा घेतला नाही. नव्या पोरी फिदीफिदी हसल्या की म्हणायच्या, "हसा वं पोरीहो. माहा पेला रोज घरी जाते, तुमचा कप कुठं जाते ते सांगा." कप मागच्या नाल्यात जायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

खामगावजवळच्या आमच्या कृषी महाविद्यालयात त्या मृदाशास्त्र शिकवायच्या. मूळच्या जानेफळच्या, वर्गातही वऱ्हाडीच बोलायच्या, आणि पुण्याचे पाहुणे आले की जरा जास्तच. बीटी कपाशीच्या मागे लागून लोकांनी गुरं विकली, शेणखत संपलं आणि वेचणीनंतर उरलेल्या पऱ्हाट्या बांधावर जाळायला सुरुवात केली, याचा त्यांना भारी राग. "मातीले खाऊ घालत नाही, अन् थे तुमाले काय देईन?"

मेसचं खरकटं, पालापाचोळा, बारीक तोडलेल्या पऱ्हाट्या, सगळं गोळा करून त्यांनी वसतिगृहामागे मोठा उकिरडा रचला. आम्ही रोज त्यावर पाणी शिंपडायचो. प्राचार्यांच्या मात्र तो डोळ्यांत खुपायचा. तपासणी समिती येणार होती. "दिवाळीपर्यंत खत दाखवा, नाहीतर ट्रॅक्टर लावून उचलतो," असं त्यांनी बजावलं.

त्या वर्षी बीटीवरही बोंडअळी पडली. घरी सण नव्हताच, म्हणून आम्ही काही जणी वसतिगृहातच राहिलो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मेसच्या शकूमावशींनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे उकिरड्यावर दिवा ठेवला. वरच्या वाळक्या पाल्यानं पेट घेतला. आम्ही बादल्या घेऊन धावलो. आग विझली तेव्हा ढीग काळाठिक्कर पडला होता आणि मावशी कपाळ बडवून घेत होत्या.

मॅडम आल्या. "मावशी, रडून काऊन राह्यल्या? दिवा तं बरोबर जागी ठेवला तुमी." त्यांनी पदर खोचला, राख बाजूला सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मूठ बाहेर आली ती भुसभुशीत खतानं भरून. खालचा ढीग ओला होता, म्हणून वाचला. ती मूठ तशीच घेऊन मॅडम प्राचार्यांच्या दारात गेल्या. प्राचार्यांनी वास घेतला, आणि ट्रॅक्टर काही आला नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आमच्या उकिरड्याला एवढा धीर नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी मॅडमनी प्लास्टिकात गुंडाळलेला गुच्छ परत केला आणि जानेफळच्या शेतासाठी पोतंभर खत मागून घेतलं. पोतं प्राचार्यांनी स्वतः गाडीत चढवलं. मी मॅडमची विद्यार्थिनी, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

गाडी फाटकाबाहेर पडली तशा शकूमावशी वसतिगृहामागे गेल्या आणि उकिरड्याशेजारी ओल्या विटेवर दिवा लावून आल्या. दिवाळीला अजून पुष्कळ अवकाश होता.