खांबेटे वकीलबाई आणि मागच्या दारचा बाजार

सुमेधा खांबेटे राहायच्या डोंबिवलीत आणि वकिली करायच्या कल्याण कोर्टात. आवाज असा, की त्यांचा युक्तिवाद सुरू झाला की शेजारच्या दालनातलं काम थांबायचं. नवरा मधु मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात हिशेबनीस. तो फारसा बोलत नसे. "घरात एकानं तरी ऐकायला हवं," असं म्हणायचा, आणि तेवढंच म्हणायचा.

१९८६ साली कोपरच्या खाडीकाठची मनुबाई कोळीण चार-पाच बायकांना घेऊन त्यांच्या दारात आली. या बायका एका गल्लीत मासे विकायला बसत. समोरच्या सोसायटीनं वास येतो म्हणून त्यांच्यावर दावा लावला होता.

मनुबाईनं बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाय, तुमी मावरा खाता?"

"नाही."

"वास तरी चालतो?"

"अजिबात नाही."

"मंग आमची केस कशी लरनार?"

"खुनाची केस घेते तेव्हा मी खून करून येत नाही," सुमेधाबाई म्हणाल्या.

मनुबाईला ते पटलं.

सुनावणीच्या दिवशी मात्र पंचाईत झाली. सगळ्या जणी बाजारातून थेट कोर्टात आल्या आणि बाईंच्या मागे दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. बोलता बोलता बाईंचा रुमाल नाकाशी गेला. समोरच्या वकिलानं लगेच संधी साधली. "साहेब, आता वेगळा पुरावा कशाला? त्यांच्या वकिलांनाच वास सोसत नाहीये."

कोर्टात हशा पिकला. बाई सर्दीची सबब सांगणार, तोच मागून मनुबाई बोलली, "बायना वास येतोच, सायेब. पन म्हनून बाय पलाली का? हितंच उबी हाय ना."

न्यायाधीशांनी तिला गप्प केलं. पण निकालात त्यांनी लिहिलं, की वास येतो एवढ्यावरून कुणाला उठवता येत नाही.

या निकालानं बाईंचं नाव झालं. १९९०च्या विधानसभेला त्यांच्या पक्षातल्या दोन पुढाऱ्यांचं तिकिटावरून इतकं जुंपलं, की वरच्यांनी वैतागून बाईंना उभं केलं. दोघे पुढारी प्रचाराला फिरकले नाहीत. प्रचार केला कोळणींनी. मनुबाई माशाचे तुकडे करता करता गिऱ्हाइकाला विचारायची, "मत कोनाला?" तिच्या हातात कोयता असल्यामुळे उत्तर सहसा बरोबर यायचं. बाई निवडून आल्या.

सभागृहातल्या पहिल्याच भाषणात त्या अध्यक्षांना "युवर ऑनर" म्हणाल्या आणि दोन्ही बाकांवरचे सदस्य हसले. हसणं थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि मग ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ बोलल्या.

कोळणींना त्यांनी छपराचा मासळी बाजार कबूल केला होता. तीन वर्षं पाठपुरावा केल्यावर जागा मंजूर झाली. नकाशा उलगडला, तर ती जागा त्यांच्याच इमारतीच्या मागची होती.

इमारतीच्या सोसायटीची तातडीची सभा भरली आणि निषेधाचं पत्र ठरलं. त्यावर सही सेक्रेटरीची हवी, आणि सेक्रेटरी मधु. पत्र घेऊन तो स्वयंपाकघरात आला. बाई भाजी निवडत होत्या.

"काय करू?" त्यानं विचारलं.

बाईंनी पत्र वाचलं. "मुद्दे विस्कळीत आहेत. दुसरा परिच्छेद आधी घे." त्यांनी स्वतःच ते दुरुस्त करून दिलं. "आता सही कर. ठराव झालाय."

मधुनं सही केली. पत्र आमदारांकडे गेलं. आमदारांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं, आणि बाजार उभा राहिला.

१९९५ला बाई पडल्या. त्यांच्या इमारतीतली जवळजवळ सगळी मतं विरोधात गेली होती. संध्याकाळी मनुबाई येऊन जमिनीवरच बसली. "बाय, आमच्यापायी परल्यात."

"अगं, मी माझ्या भाषणांपायी पडले असेन," बाई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

मधुनं चहा आणून ठेवला. "मी तुलाच मत दिलंय," तो म्हणाला.

"आणि ती सही?"

"ती सेक्रेटरीची."

मग तिघंही हसली. पुढच्या आठवड्यात दिवा गावातल्या एका चाळीचं पाण्याचं भांडण घेऊन बाई कल्याण कोर्टात हजर झाल्या. आमदारकी कशी होती, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बरी होती. पण तिथं बोलायला वेळ फार कमी देतात."