न मारलेलं प्यादं

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी अहमदपूरच्या मार्केट यार्डात शिवमूर्ती मापाडी काट्याचं पारडं फडक्यानं पुसत होता. पारड्यात धूळ होती. मालाचं म्हणाल तर समोरच्या ओट्यावर तुरीची सहा पोती आली होती, आणि ती कुणाची, किती भरतील, हे यार्डातल्या सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं.

"आप्पा, काल लातूरला काय झालं?" पोत्याला टेकून बसलेल्या ग्यानोबा हमालानं विचारलं.

"बरोबरी."

"म्हंजे नांदेडला चालला?"

"न्हाई."

शिवमूर्तीनं दुसरं पारडं पुसायला घेतलं.

तो १९८६ सालच्या मे महिन्याचा शेवट होता. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं होत आली होती. कचेऱ्यांच्या पाट्या अजून नव्या दिसत होत्या. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी पाठ दाखवून गेला होता. निम्मे हमाल रोजगार हमीवर खडी फोडायला गेले होते. ग्यानोबाचे गुडघे गेलेले, म्हणून तो मागं राहिला. मापाड्याला माप नसलं की दिवस फार मोठा होतो. एरवी हंगामात पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत सुरू झालेली शिवमूर्तीची मोजणी दिवे लागेपर्यंत थांबत नसे.

त्या रिकाम्या दिवसांत त्यानं बुद्धिबळ नव्यानं शिकायला घेतलं.

नव्यानं म्हणायचं, कारण खेळ त्याला लहानपणापासून येत होता. त्याचे वडील गुरुलिंगप्पा आडतीच्या ओट्यावर खेळत. तिथले नियम जुने. प्यादं पहिल्या चालीला एकच घर सरकायचं, राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळायची. शिवमूर्ती आणि ग्यानोबा वीस वर्षं त्याच नियमांनी, एका चहावर, खेळत आले होते. पूर्वी जिल्ह्याचा संघ उस्मानाबादेतच निवडला जायचा, अहमदपूरला त्याची खबरही लागत नसे. आता नव्या जिल्ह्याला स्वतःचा संघ हवा होता. चार जणांचा. निवड लातूरला, पुढचे सामने नांदेडला. मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांचे. शिवमूर्तीला त्या चारांत बसायचं होतं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्याला दुसरं काही हवं असल्याचं कुणाला आठवत नाही.

लातूरला रशियन पुस्तकांची गाडी आली होती, तिथून त्यानं एक जाड पुस्तक स्वस्तात आणलं. पुस्तक इंग्रजी. ते त्याला वाचता येत नव्हतं, पण चाली अक्षरा-आकड्यांत होत्या आणि पटाची चित्रं होती. तेवढ्यावर भागत होतं.

आधी त्यानं डावाच्या सुरुवाती पाठ केल्या. पहिल्या दहा-बारा चाली, आरतीसारख्या. त्या जोरावर तो गावातल्या शिक्षकांनी भरवलेल्या स्पर्धेत उतरला आणि पहिल्या तिन्ही डावांत हरला. समोरचे पुस्तकाप्रमाणं खेळत नव्हते.

ग्यानोबा तेव्हा म्हणाला होता, "आप्पा, तुमचं पाठांतर संपलं की हाक मारा. मग मी खेळतो."

मग त्यानं डावपेचांची प्रकरणं घेतली. दुपारी शेडमध्ये पोतं अंथरून तो एकेका चित्रासमोर बसे. एका घोड्यानं राजा आणि वजीर दोघांना कसं धरायचं, उंटाच्या मागं हत्ती कसा दडवायचा. सहा महिन्यांनी तो शिक्षकांना हरवू लागला. त्यानंतर उस्तादांचे डाव. डावाचा अर्धा भाग फडक्याखाली झाकून पुढची चाल स्वतः ओळखायची, मग फडकं सरकवायचं. चुकली की पुन्हा. घरी पट मांडायला जागा नव्हती, कारण टँकरच्या पाण्याची भांडी खोलीभर होती.

"टँकर आला की रांगेत उभं करा तुमचं ते लाकडी सैन्य," बायको महानंदा म्हणायची. "तेवढंच कामाला येईल."

सगळ्यात शेवटी त्यानं डावाचा शेवट शिकून घेतला. हत्ती आणि राजा मिळून एकट्या राजाला कडेला ढकलत नेऊन मात कशी करायची, हे तो डोळे मिटूनही करू लागला. जुन्या सवयी एकेक करून त्यानं हातातून काढल्या. राजाची उडी गेली. प्यादं दोन घरं जाऊ लागलं. आपल्या हातात आता जुनं काही उरलं नाही, असं त्याला वाटत होतं.

एक गोष्ट उरली होती. ओट्यावरच्या खेळात समोरच्याचं शेवटचं मोहरं मारून त्याचा राजा पुरता एकटा केला, तर त्याला बुर्जी म्हणत, आणि डाव बरोबरीत सुटे. म्हणून जिंकणारा माणूस समोरचं एक प्यादं जपायचा. ते जिवंत ठेवून मात करायची, ही तिथली रीत. नव्या नियमांत बुर्जी नाही, हे शिवमूर्तीला माहीत होतं. पण पुस्तकातल्या चित्रांत राजा आधीच एकटा करून दिलेला असे. शेवटचं प्यादं स्वतः मारायची वेळ सरावात त्याच्यावर कधी आली नाही.

ती काल आली.

लातूरच्या एका शाळेत निवडीचा शेवटचा डाव होता. तीन जागा भरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी शिवमूर्तीला जिंकणं भाग होतं. बरोबरी झाली तर जागा समोरच्याची. समोर उदगीरचा मल्लिकार्जुन होता, कापडदुकानदार, शिवमूर्तीच्याच वयाचा. चार तासांनी पटावर शिवमूर्तीचा राजा आणि हत्ती उरले. मल्लिकार्जुनाचा राजा आणि कडेच्या पट्टीतलं एक प्यादं. त्या प्याद्याला वजीर व्हायला दोन घरं राहिली होती. त्याचा राजा थोडा दूर होता, प्याद्याला कुणाचा आधार नव्हता. हत्ती त्याच पट्टीत उभा होता आणि मधली वाट मोकळी होती. प्यादं मारायचं आणि मग तो डोळे मिटून येणारा शेवट करायचा, एवढंच काम होतं.

शिवमूर्तीनं हत्ती उचलला. प्याद्याकडे पाहिलं. हत्ती आडवा नेला आणि राजाला शह दिला.

हात काढला तेव्हा त्याला कळलं. मल्लिकार्जुनाला त्याच्या आधी कळलं असावं, कारण तो लगेच चालला नाही. थोड्या वेळानं त्यानं राजा प्याद्याला नेऊन चिकटवला. शिवमूर्तीचा स्वतःचा राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो निघाला, पोचला नाही. प्याद्याचा वजीर झाला, त्याच्यावर हत्ती द्यावा लागला. पटावर दोन राजे राहिले.

"काय आप्पा," सही करताना मल्लिकार्जुन हळूच म्हणाला, "बुर्जी धरली व्हय?"

"हाव."

"आमच्याकडं बी तसंच हाय. माझा हात बी थांबला असता."

हे त्यानं बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. शिवमूर्तीनं मान हलवली आणि स्टँडकडे निघाला. गाडीत त्याला खिडकीची जागा मिळाली.

घरी महानंदा घागरी धुवत होती. "लागला का नंबर?"

"न्हाई."

तिनं घागर पालथी घातली. "मग बुधवारी तुम्ही इथंच हाव म्हणा. टँकर हाय, दोघं असलो की चार घागरी जास्त भरतील."

"हाव," तो म्हणाला. जेवला. झोपही लागली.

सहा पोत्यांचा सौदा साडेअकरापर्यंत आटोपला. माप झालं, तूर गेली, ओटा पुन्हा रिकामा. ग्यानोबानं न विचारता पट मांडला. एक हत्ती हरवला होता, तिथं त्यानं खारीक ठेवली. शिवमूर्ती बसला. ग्यानोबाचा खेळ आज सैल होता, की तो मुद्दाम सैल खेळत होता, ते सांगता येत नाही. तासाभरात त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं राहिलं.

शिवमूर्तीनं ते प्यादं मारलं.

"आप्पा!" ग्यानोबा गुडघे विसरून उठला. "काय करायलाव? बुर्जी झाली की! जिंकलेला डाव बरोबरीत घातला."

मारलेलं प्यादं शिवमूर्तीच्या मुठीत होतं.

"आता चहा कुणी पाजायचा?" ग्यानोबानं विचारलं.

"आपापला."

"ह्याच्यापरीस हरला असता तर बरं. मला फुकट तरी मिळाला असता." ग्यानोबानं खारीक तोंडात टाकली आणि पटावरची मोहरी पिशवीत भरायला घेतली. "तुमच्या त्या पुस्तकात असलं करायला सांगतेत व्हय?"

"हाव. सांगतेत."

"मग काल बरोबरी का झाली?"

शिवमूर्तीनं मूठ उघडली आणि प्यादं पिशवीत टाकलं. उठून त्यानं काट्याची दोन्ही पारडी समपातळीत येतात का ते पाहिलं. येत होती.

उद्या मंगळवार. लातूरचा संघ घेऊन जाणारी नांदेड गाडी अहमदपूरच्या स्टँडवर सव्वाआठला येते आणि चहासाठी दहा मिनिटं थांबते. यार्डातला सौदा अकराला निघतो. मापाड्याला त्याआधी अर्धा तास काट्याशी हजर असावं लागतं. स्टँडवर जाऊन यायला वेळ होता.