दोर हातात असताना

"रडायचं असेल तर खाली रड. वर रडलीस तर हात ओले होतात."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते परदेशातल्या आमच्या पॉइंट कुक या उपनगरात, कुंपणाच्या पलीकडून. मोठ्या लॉकडाऊनचे दिवस होते. लांब जायचं नाही, कुणाला घरी बोलवायचं नाही. शेजारच्या या महाशयांनी कुंपणावरून माझ्या अंगणात दोन जाड फळ्या टाकल्या. "पर्गोलाच्या, त्या लाकडी मांडवाच्या, तुळयांना ठोक. मध्ये मुठीएवढी फट ठेव आणि लोंबकळ." मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, "दिवसभर 'यू आर ऑन म्यूट' म्हणत बसतेस, त्यापेक्षा बरं."

तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. मूळचा पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. तरुणपणी थोरल्या भावाबरोबर सह्याद्रीतले सुळके चढलेला. मी सुरुवातीला अहो-जाहो केलं. "अहो म्हणालीस तर दोर सोडीन," असा दम मिळाला, मग मी 'तू'वर आले.

फळ्यांमधली ती फट म्हणजे खडकातली भेग. भेगेत चढायचं म्हणजे मूठ आत घालायची, आत वळवून घट्ट बसवायची आणि तिच्यावर सगळा भार टाकायचा. सालटं निघतात हो! इतर लोक हाताला चिकटपट्टी गुंडाळतात. मी गुंडाळली तर कुंपणावरून टोमणा आला, "रेनकोट घालून आंघोळ करतेस का?" एकदा त्याची मुलगी सायकलवरून पडली. हा तिच्या डोक्याशी उभा राहून विचारतो, "ब्रेक कुठे असतो?" पोरगी गुडघा धरून ओरडली, "डॅड, यू आर सो मीन!" "थँक्यू," म्हणाला आणि आत गेला. मेल्याला दयामाया नव्हती. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, ज्याच्यावर चिडत चिडत आपण त्याच्याकडेच शिकायला जातो.

मग दुसरी लाट आली. इथे आम्ही मोकळे झालो होतो, कॅफे भरलेले, आणि तिकडे पुण्यात ऑक्सिजनसाठी पळापळ. त्याचा दादा हॉस्पिटलात होता. विमानं जवळजवळ बंद. गेलो तर बायको-मुलीकडे परत कधी येऊ याचा पत्ता नाही, म्हणून हा गेला नाही. घरात पिंजऱ्यातल्या वाघासारख्या येरझाऱ्या घालायचा. शेवटी दादानेच फोनवरून धापा टाकत सांगितलं, "अरे, घरात बसून मला बरं करणारेस का? जा, चढ काहीतरी. वर पोचलास की बोलू."

म्हणून आम्ही दोघं पहाटे निघालो, पार पश्चिमेला, वाळवंटाच्या कडेला. लाल मातीत एक ठेंगणा खडक, तीन मजली इमारतीएवढा. खालून वरपर्यंत एकच सरळ भेग. माणूस नाही, झाड नाही, माश्या मात्र बक्कळ. मोबाइलला रेंज फक्त माथ्यावर.

पहिला चढतो तो भेगेत कॅम बसवत जातो. कॅम म्हणजे दाबलं की मिटणारं आणि सोडलं की भेगेत फुगून बसणारं लोखंड. त्यात दोर अडकवायचा, पडलो तर तेवढाच आधार. मागून येणाऱ्याने ते काढत वर यायचं. सगळे. एकही मागे ठेवला तर चढाई फुकट, असा त्याचा कायदा. तो सरसर वर गेला, माथ्यावर बसला आणि माझा दोर धरून म्हणाला, "ये."

अर्ध्यावर एक कॅम अडकला. एक हात भेगेत, दुसऱ्याने ते लोखंड ओढतेय, ढिम्म हलत नाही. बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं.

"राहू दे ना तो!" मी ओरडले.

"काढ. काढल्याशिवाय वर यायचं नाही."

आणि तेवढ्यात वर त्याचा फोन वाजला. मी खालून म्हटलं, "दादा असेल, घे!"

"दोर हातात असताना फोन नाही. तू कॅम काढ."

फोन वाजून थांबला. परत वाजला. मी रडत होते, त्याला शिव्या घालत होते. "अरे घे ना, माणूस आहेस का कोण!" वरून एवढंच आलं, "आत ढकल आणि मग ओढ." तसं केलं तर कॅम सुटला. तोवर वरचा आवाज बंद झाला होता.

मी माथ्यावर पोचले. त्याने माझा दोर सोडवला, कॅम मोजून घेतले आणि मग फोन लावला. स्पीकरवर नर्सबाईंचा आवाज, "तुम्हीच का भाऊ? अहो, तुम्हालाच लावत होते ते. नळी घालायच्या आधी बोलायचं म्हणत होते. आत्ताच आत घेतलं, आता बोलता नाही येणार."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "तू जरा लवकर काढला असतास तर."

माझं डोकंच फिरलं. "गाठ मारून दोर बांधायचा आणि फोन घ्यायचा! तूच शिकवलीयस मला ती गाठ. चुटकीसरशी होते!"

"हो. घेता आला असता."

"मग?"

तो लाल मातीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, माझ्याशी बोलल्याशिवाय तो जायचा नाही. मी नाही बोललो तर थांबेल."

दादा शुद्धीवर आलाच नाही. चार-पाच दिवसांत गेला.

आम्ही शेजारी डबे घेऊन त्याच्या घरी गेलो, तेव्हा व्हिडिओ कॉलवर पुण्याची वहिनी होती. तिलाही शेवटचं भेटू दिलं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊजी, नर्सबाई सांगत होत्या, शेवटी तुम्हाला फोन लावला म्हणून. काय म्हणाले हो?"

त्याच्याशिवाय खरं फक्त मला माहीत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. "वहिनी, तुमची काळजी घे म्हणाला. तुम्हाला एकटं पडू देऊ नको म्हणाला."

ती हुंदके देत रडली, पण तिचा चेहरा सैल झाला. "तुमच्याशी तरी बोलले," म्हणाली. "बरं झालं."

सीमा उघडल्या त्या आठवड्यात त्याने नोकरी सोडली आणि पुण्याला गेला, वहिनीकडे. अजून तिथेच आहे. बायको आणि मुलगी इथे. मुलगी बापाचं नाव काढलं की खोलीत निघून जाते. बायको शिफ्टवरून येते, एकटीच लॉन कापते, कधी कुंपणाशी थांबते.

"राग येतो गं," ती परवा म्हणाली. "पण दादांचा शेवटचा शब्द आहे. तो मोडायला मी कसं सांगू त्याला? तू तर तिथेच होतीस. असंच म्हणाले ना ते?"

"हो," मी म्हटलं. "असंच म्हणाले."